आडनावातला दोष

आमच्या सोसायटीचा हॉल ऑनलाइन बुक होऊ लागला, तेव्हा चेअरमनसाहेबांनी लॅपटॉपसमोर नारळ वाढवला होता. तो बहुधा नासका निघाला असावा. कारण मूळ वसईच्या डिसोझाकाकांनी मुलीच्या साखरपुड्यासाठी बटण दाबलं आणि पडद्यावर इंग्रजीत तंबी उमटली: तुमच्या एसक्यूएलच्या वाक्यरचनेत चूक आहे, मॅन्युअल बघा. काका निवृत्त शिक्षक. जन्मभर दुसऱ्यांचं व्याकरण तपासलेल्या माणसाला हे झोंबणारच.

चूक कुठली? इंग्रजीत डिसोझा लिहिताना 'डी'नंतर वर एक टिकली येते, अपॉस्ट्रॉफी. आमच्या वर्डप्रेस साइटवरचं बुकिंगचं प्लगइन सभासदयादीतून नाव उचलायचं आणि जसंच्या तसं अवतरणचिन्हांत कोंबून डेटाबेसकडे धाडायचं. त्या डेटाबेसला, म्हणजे मायएसक्यूएलला, वाटलं, टिकली आली म्हणजे अवतरण संपलं. 'डी' घरात, 'सोझा' उघड्यावर.

सेक्रेटरींचा तोडगा तयार होता: काकांनी टिकली काढून टाकावी. "कुलकर्ण्यांना कधी असा त्रास झाला नाही," हेही त्यांनी नोंदवलं.

वेबसाइटवाल्या पोराने त्याहून सोपी दुरुस्ती केली. चुका पडद्यावर दाखवणारा डीबग मोडच बंद! झाकली मूठ सव्वा लाखाची. डेटाबेसला धाडलेली क्वेरी पूर्वीसारखीच आपटायची, पण पडदा हसून सांगायचा, "बुकिंग झाले, धन्यवाद." काका पाहुण्यांना घेऊन हॉलवर पोचले, तर आत जोश्यांच्या बटूची भिक्षावळ चाललेली. (जेवण छान होतं, असं पाहुणेच म्हणाले.)

मग पोराला कुणीतरी अशा टिकल्या सांभाळून घेणारं 'प्रिपेअर' नावाचं फंक्शन सांगितलं. त्याने ते वापरलं, पण नाव आधीच क्वेरीत चिकटवून वर प्रिपेअर गुंडाळलं. मूळ कागद न पाहता 'सत्यप्रत'चा शिक्का मारतात तसं. असल्या शिक्केबाजीबद्दल वर्डप्रेसने ३.५ आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०१२ पासून, कान धरायला सुरुवात केली होती. पण तो इशारा दिसणार कुठे? दिवा आम्हीच मालवलेला.

अखेर नावाच्या जागी 'टक्के-एस' ही खूण ठेवली, भोवतीची अवतरणं काढली, नाव वेगळं दिलं. एका ओळीचं काम. बिल तीन दुरुस्त्यांचं आलं.

वार्षिक सभेच्या इतिवृत्तात नोंद आहे: "सभासदाच्या आडनावातील तांत्रिक दोष सोसायटीच्या खर्चाने दूर करण्यात आला. अनुमोदक: श्री. सोझा."