डबा लहान, बिल महान

दूध आणि पेट्रोल यांच्यानंतर मध्यमवर्गीय घरात लिटरने मोजायची तिसरी वस्तू आली आहे. कॉम्प्युटरचं कॅबिनेट. ‘आमचं आठ लिटरचं आहे’ असं हल्ली सांगतात आणि ऐकणाऱ्याने भुवया उंचवाव्यात अशी अपेक्षा असते. साधं टॉवर कॅबिनेट चाळीस लिटरच्या आसपास भरतं. म्हणजे बत्तीस लिटर वाचले. जे मिळालंच नाही, त्या बत्तीस लिटरचे पैसे मात्र गिऱ्हाइकाने मोजायचे असतात.

हा उलटा हिशेब कुणी सांगत नाही. आयटीतला भाचा तर नाहीच नाही. प्रत्येक मराठी कुटुंबात हिंजवडीला नोकरी करणारा एक भाचा असतो. दिवसभर तो दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो आणि तेवढ्या पात्रतेवर समस्त नातेवाइकांची कॉम्प्युटर-खरेदी ठरवतो. ‘‘मामा, मोठ्या डब्यांचा जमाना गेला. मिनी आयटीएक्स घ्या.’’ मामांचं बजेट पस्तीस हजार. काम काय, तर सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब, रिटर्न भरणं, मामींची यूट्यूबवरची भजनं आणि धाकट्याचे शाळेचे प्रोजेक्ट. त्यातले अर्धे प्रोजेक्ट मामीच करतात, पण ते असो.

मिनी आयटीएक्स हे मदरबोर्डचं माप. तैवानच्या व्हीआयए कंपनीने ते २००१ मध्ये काढलं. १७ सेंटिमीटर लांब, १७ सेंटिमीटर रुंद, बस्स. इंटेलचं १९९५ चं एटीएक्स माप साडेतीस बाय साडेचोवीस सेंटिमीटरचं, त्याच्यापुढे हे बाळच. मजा अशी की हे बाळ जन्मलं ते कमी वीज खाणाऱ्या, साध्यासुध्या कामाच्या मशीनसाठी. पुढे हौशी लोकांनी त्याला दत्तक घेतलं, काचेच्या डब्यात बसवलं, आत लाल-निळे दिवे लावले आणि बघता बघता गरिबाघरचं हे पोर श्रीमंतांचं लाडकं झालं.

बोर्ड अर्ध्याहून लहान झाला, मग किंमत का उतरली नाही? कारण त्याच वायरिंगला कमी जागेत कोंबायचं तर बोर्डाचे थर वाढवावे लागतात. शिवाय असे बोर्ड खपतात कमी, त्यामुळे बनतातही कमी. तेव्हा त्याच चिपसेटचा, मधल्या मापाचा मायक्रो एटीएक्स बोर्ड ज्या भावात मिळतो, त्याच्या दीडपट-दुप्पट देऊन तुम्ही रॅमच्या चार खोबणींऐवजी दोन आणि कार्डासाठी फक्त एक खोबण घरी आणता. मग लक्षात येतं की नेहमीचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा ठोकळा, आत जात नाही. त्यासाठी एसएफएक्स नावाचा बुटका एसएमपीएस लागतो, आणि तेवढ्याच वॅटचा असून तोही बराच महाग. मग उंच कूलर बसत नाही, म्हणून ठेंगणा कूलर. ठेंगणा कूलर नागपूरच्या मे महिन्यात किती तग धरेल, हे भाच्याला विचारू नका. तो एसीत बसतो.

मामा अखेर लॅमिंग्टन रोडला जातात. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलंय, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून तो मार्ग विचारलात तर टॅक्सीवाला तुमच्याकडे दयेने बघेल. दुकानदार भाच्याची यादी वाचतो आणि म्हणतो, ‘‘ये आयटम चलता नहीं, मंगाना पडेगा.’’ मागवून आलेला माल परत होत नाही, हे तो नंतर सांगतो. त्यानंतर तो ऐतिहासिक प्रश्न: बिल पाहिजे का? बिल म्हटलं की अठरा टक्के जीएसटी, आणि बिल नको म्हटलं की तीन वर्षांची वॉरंटी हवेत. मामा आयुष्यभर प्रामाणिकपणे टॅक्स भरत आले, तरी या प्रश्नापाशी क्षणभर घुटमळतात.

बजेट फाटलं की कात्री नेहमी चुकीच्या जागी चालते. प्रोसेसर कमी करवत नाही, कारण शेजाऱ्याला सांगायचा असतो. दिवे कमी करवत नाहीत, कारण धाकट्याने पाहिलेले असतात. मग कापला जातो एसएमपीएस. कॅबिनेटसोबत जो ‘फुकट’ येतो, तोच ठेवा. त्यावर ४५० वॅटचं स्टिकर असतं. आत काय असतं ते स्टिकर चिकटवणाऱ्यालाच ठाऊक. हा ठोकळा बिघडला तर एकटा जात नाही, मदरबोर्डलाही सोबत घेऊन जाऊ शकतो. एवढं सांगूनही माणसं फॅनला सात रंगांचे दिवे घेतात आणि एसएमपीएस फुकटचा ठेवतात.

भाच्याची दुसरी सूचना अ‍ॅपलची असते. २०२४ चा मॅक मिनी खरोखर देखणा आहे, १२.७ सेंटिमीटरचा चौकोन, आणि बाजारात आला तेव्हा भारतात किंमत ५९,९०० रुपये. यात मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, माउस नाही. रॅम नंतर वाढवता येत नाही. चालू करायचं बटण डब्याच्या बुडाशी आहे. साठ हजार देऊन रोज सकाळी कॉम्प्युटर उचलून खाली बोट घालायचं, याला डिझाइन म्हणतात.

खरा स्वस्त आणि छोटा डबा त्याच लॅमिंग्टन रोडवर, दोन दुकानं सोडून, धूळ खात पडलेला असतो. लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क मिनी. आकार साधारण एक लिटर. भाच्याचा आठ लिटरचा अभिमान इथे एका फटक्यात उतरतो. मोठ्या कंपन्या हे डबे शेकड्याने घेतात, काही वर्षं वापरतात आणि लॉटने बाहेर काढतात. कुणीतरी कॉलसेंटरमध्ये त्यावर शिव्या खाल्लेल्या असतात, डब्याला त्याचं काही नसतं. सोसायटीचा हिशेब, भजनं आणि प्रोजेक्ट यांना तो पुरून उरतो.

फक्त एक विचारायचं: कितवीत आहे? दुकानदार ‘आय फाइव्ह आहे’ एवढंच सांगतो, इयत्ता सांगत नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची जवळपास आठवी पिढी आणि तिच्या पुढचेच प्रोसेसर आहेत. सहावी-सातवीवाले त्या परीक्षेला बसूच शकत नाहीत. दुकानदार म्हणेल, ‘‘टाकून देतो ना विंडोज ११!’’ टाकेलही. कॉपी करून पास झालेल्याचं पुढे काय होतं ते आपल्याकडे वेगळं सांगायला नको. नंबर वाचायला शिका: आय फाइव्ह ६५००टी म्हणजे सहावी, चार कोर. ८५००टी म्हणजे आठवी, सहा कोर. डब्याचं तोंड सारखंच असतं, भावातला फरक मात्र कमी-जास्त करता येतो.

या चिमुकल्या डब्यांचं एक लबाड गुपितही आहे. त्यांचा वीजपुरवठा आत नसतो, बाहेर वीटभर अ‍ॅडॅप्टर असतो. तो टेबलामागे लोंबकळतो आणि फोटोत येत नाही. त्यात आपला यूपीएस मिळवला, तर कॉम्प्युटरपेक्षा त्याचा नोकरवर्गच जास्त जागा खातो.

तरीही स्वतः असेंबल करण्याची खाज असेल, आणि ती असते, तर मायक्रो एटीएक्स बोर्ड घ्या. साडेचोवीस सेंटिमीटरचा चौकोन, त्याला साजेसं बुटकं कॅबिनेट मिळतं. एएमडीचा २०२१ चा रायझन ५ ५६००जी घातला तर सहा कोर मिळतात आणि ग्राफिक कार्ड लागत नाही. त्यात १६ जीबीची एक स्टिक घालण्याऐवजी आठ-आठच्या दोन घाला, कारण आतलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं आणि दोन स्टिक असल्या की त्याला रस्ता रुंद मिळतो.

आता अडचण रॅमचीच. २०२५ च्या उत्तरार्धात तिचे भाव भडकले. जगभरचे एआयचे डेटा सेंटर चिपा गिळतायत. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये तुमच्या-आमच्यासाठी रॅम विकणारा क्रुशल हा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, कारण मोठं गिऱ्हाईक दारात उभं आहे. कुठल्याशा चॅटबॉटने कविता रचाव्यात म्हणून मामांच्या एक्सेलने महाग रॅम घ्यायची.

त्यामुळे जुन्या एक लिटरवाल्या डब्याचा भाव करताना झाकण उघडायला सांगा. एकच स्क्रू असतो, दुकानदाराने का-कू केली तर स्क्रूड्रायव्हर तुम्हीच मागा. रॅमच्या दोन खोबणींपैकी एक रिकामी दिसली, तर ती दुसरी स्टिक कुठे गेली हे विचारा आणि हजार-दीड हजार तिथल्या तिथे उतरवा.