भाकितवाले काका

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल आधी सांगणारे आणि लागल्यावर समजावून देणारे काका दर चार वर्षांनी उगवतात, असा एक समज आहे. तो खरा नाही. ही जात बारमाही आहे. चौथ्या वर्षी फक्त फोफावते. तिची मराठी शाखा न्यू जर्सीत, एडिसनपासून प्रिन्स्टनपर्यंतच्या पट्ट्यात, मुबलक सापडते. वय पन्नाशीच्या पुढे, नोकरी आयटीत किंवा औषध कंपनीत, घराला दोन गाड्यांचे गराज आणि त्यातली एक जागा कॉस्कोच्या सामानाने अडवलेली. मंडळाच्या कार्यक्रमात मसालेभाताचा डाव हातात धरून मागची रांग खोळंबवणारा आणि पुढच्याला पेन्सिल्वेनिया समजावणारा जो गृहस्थ, तो हाच.

‘यंदा कोण येणार?’ असे त्यांना विचारणे हे नवख्याचे लक्षण. काका उमेदवाराचे नाव कधीच घेत नाहीत. ते ताट बाजूला ठेवतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, ‘विगो काउंटी काय म्हणते, ते बघायचं.’

विगो काउंटी इंडियाना राज्याच्या पश्चिम कडेला, वॉबॅश नदीच्या काठी आहे. टेर हॉट हे तिचे मुख्य शहर. समाजवादी उमेदवार म्हणून पाच वेळा अध्यक्षपदाला उभे राहिलेले, त्यातही १९२० साली तुरुंगात बसून नऊ लाखांवर मते मिळवणारे यूजीन डेब्ज मूळचे इथले. काकांना त्यांच्याशी कर्तव्य नाही. त्यांचा जीव एका आकड्यावर जडला आहे. १८८८ ते २०१६ या काळातल्या ३३ निवडणुकांपैकी ३१ वेळा विगोने ज्याला कौल दिला तोच अध्यक्ष झाला. चुकली ती फक्त १९०८ आणि १९५२ साली. शिवाय इंडियानात मतदान संध्याकाळी सहालाच संपते, त्यामुळे विगोचे आकडे लवकर हाती लागतात आणि जेवण वेळेवर होते.

विगोला काका एकदाच गेले आहेत. लेकीला सेंट लुईसला विद्यापीठात सोडायला निघाले असताना त्यांनी आय-७० वरून गाडी काही कारण नसताना टेर हॉटला उतरवली. पेट्रोल भरले आणि पंपावरच्या माणसाला मोठ्या अर्थपूर्ण आवाजात विचारले, ‘मग, यंदा काय?’ तो म्हणाला, चार नंबरचा पंप बंद आहे. काका गाडीत येऊन बसले आणि पुढचे पन्नास मैल ‘लोकांमध्ये नाराजी आहे’ असे सांगत राहिले. काकूंनी डबा उघडून मुलीच्या हातात धपाटा दिला आणि खिडकीबाहेर पाहिले.

हे वेड अमेरिकेच्या राजकारणापुरते राहत नाही. मंडळाच्या कार्यकारिणीच्या निवडणुकीत एका विशिष्ट कुटुंबाचा कल जिकडे, तिकडेच निकाल, असे काकांच्या ध्यानात आले. तेव्हापासून ते कुटुंब त्यांच्या लेखी ‘आपली विगो’ झाले. हे त्या घरी कळल्यापासून तिथले दिवाळीच्या फराळाचे बोलावणे बंद आहे. क्रिकेटच्या विश्वचषकात, सोसायटीच्या पार्किंगच्या वादात, इतकेच काय, पुतण्याचे लग्न जमेल की नाही याही बाबतीत काका आधी विगो शोधतात. पुतण्याच्या बाबतीत ती मुलीची आजी निघाली. लग्न मोडले, पण भाकीत बरोबर आले.

निवडणुकीच्या वर्षी काकांचे वेळापत्रक मराठी सणांशी फार चांगले जुळते. २०२४ साली गणपती बसण्याच्या दोनच दिवस आधी प्राध्यापक ॲलन लिक्टमन यांनी आपल्या ‘तेरा किल्ल्या’ फिरवून कमला हॅरिस निवडून येतील असे जाहीर केले. त्यामुळे त्या वर्षी आरती आणि मंत्रपुष्पांजली यांच्या मधल्या जागेत काकांनी तेराही किल्ल्या सांगितल्या. ही तेरा कसोट्यांची पद्धत लिक्टमन यांनी १९८१ साली व्लादिमिर केलिस-बोरोक या सोव्हिएत भूकंपशास्त्रज्ञाच्या साथीने बसवली. भूकंपाचा अंदाज देण्याच्या रीतीने निवडणुकीचा अंदाज बांधायचा, ही मूळ कल्पना. भूकंप कधी होणार हे अजून कुणाला सांगता येत नाही, हा मुद्दा आरतीला आलेल्या एका अभियंत्याने काढला. त्याला मोदक शेवटी मिळाला.

बुलढाण्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीचा विषय निघाला की काका हसतात. अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडायचे, धान्य ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पाऊसपाण्याबरोबर राजकारणाचेही भाकीत सांगायचे, हे त्यांना अवैज्ञानिक वाटते. वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाचा नियम मात्र ते गंभीरपणे सांगतात. निवडणुकीआधीचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना हा संघ जिंकला तर सत्ताधारी पक्ष टिकतो, हरला तर जातो. १९४० ते २००० पर्यंत हे जमले, २००४ साली फसले. काकांच्या मते त्या वर्षी पंचांनी घोळ घातला.

चुकलेल्या भाकितांचा इतिहास त्यांना तोंडपाठ असतो, कारण दुसऱ्याची चूक हाच या शास्त्राचा पाया आहे. १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ने सुमारे एक कोटी लोकांना पत्रे पाठवली, वीस लाखांहून अधिक उत्तरे गोळा केली आणि रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असे छापले. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून उचललेले. मंदीच्या काळात ज्याच्या घरी फोन आणि दारात मोटार, तो रूझवेल्टला कशाला मत देतो? त्यात पत्र परत पाठवायची हौस रूझवेल्टवर चिडलेल्यांनाच जास्त. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये घेऊन गेले, लँडनच्या वाट्याला मेन आणि व्हरमाँट आली, आणि साप्ताहिक दोन वर्षांत बंद पडले. जॉर्ज गॅलप यांनी फार थोड्या लोकांना विचारून तो निकाल बरोबर सांगितला होता. १९४८ साली तेच गॅलप ड्युईला निवडून देऊन बसले आणि ट्रूमन जिंकले. ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ने तर ड्युई जिंकल्याचा मथळा छापूनही टाकला, तो अंक हातात उंच धरून हसणारे ट्रूमन अमेरिकेतल्या प्रत्येक शालेय पुस्तकात आहेत. काका या गोष्टी अशा सांगतात, जणू त्या दोन्ही रात्री गॅलपला त्यांनी समजावून पाहिले होते.

मतदानाची रात्र हा या जातीचा खरा सण. बैठकीत टीव्हीवर नकाशा, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लॅपटॉप, हातात फोन आणि फोनवर पुण्याचे मेहुणे. तिकडे बुधवारची सकाळ असते, मेहुण्यांचा चहा झालेला असतो. ‘भाऊजी, आमच्याकडे तर दाखवतायत...’ असे ते म्हणायला लागले की काका त्यांना थांबवतात: ‘थांबा हो, विगोचे फक्त साठ टक्के मोजून झालेत.’ लाल-निळ्या नकाशासमोर काका बसत नाहीत. बसले की आकडे फिरतात, असा त्यांचा अनुभव आहे. काकू दहा वाजता झाकपाक करून झोपायला जातात आणि जाताना एवढेच विचारतात, ‘उद्या कचऱ्याची गाडी आहे ना?’

निकाल लागल्यावर प्रतिक्रियेचा काळ सुरू होतो. भाकीत पुष्कळांना करता येते. चुकलेल्या भाकिताला मागाहून बरोबर ठरवणे हे काकांचे कसब. २०१६ साली निवडणुकांचे अंदाज बांधणारे नेट सिल्व्हर यांनी हिलरी क्लिंटन यांना सुमारे ७१ टक्के संधी दिली होती. ट्रम्प जिंकले, तेव्हा काकांनी २९ टक्के म्हणजे काय यावर व्याख्यान दिले. आदल्या दिवशीपर्यंत ते ७१ वर बोलत होते. त्याच वर्षी शेजारच्या प्रिन्स्टनमधले प्राध्यापक सॅम वाँग यांनी, ट्रम्प यांना २४० हून अधिक प्रतिनिधी-मते (इलेक्टोरल व्होट्स) पडली तर आपण किडा खाऊ, असे जाहीर केले होते, आणि सीएनएनवर त्यांनी खरोखरच एक रातकिडा खाल्ला. काकांना हे अजिबात पटले नाही. शब्द पाळल्याबद्दल त्यांचे काही म्हणणे नव्हते. चूक कबूल करायची प्रथा पडेल, ही त्यांची धास्ती होती.

खरी परीक्षा २०२० ची. विगोने ट्रम्प यांना कौल दिला आणि अध्यक्ष झाले बायडन. १९८० पासून एकदाही न चुकलेल्या १९ काउंट्यांपैकी १८ त्या वर्षी तोंडघशी पडल्या. बरोबर निघाली ती एकटी वॉशिंग्टन राज्यातली क्लॅलम. मित्रांनी काकांना फोन केले, ते निव्वळ विगोच्या चौकशीसाठी. काका शांत होते. ‘विगो चुकली नाही,’ ते म्हणाले, ‘देश चुकला.’ पुढची चार वर्षे मात्र बोलण्यात क्लॅलम येऊ लागली. तिथले हवामान, तिथली जंगले, तिथल्या लोकांचा सुज्ञपणा. २०२४ साली क्लॅलमने हॅरिस यांना मत दिले, विगोने ट्रम्प यांना, आणि काका एकही शब्द न बोलता विगोकडे परतले.

इतके होऊनही काकांचा स्वतःचा पक्ष कोणता, हे घरातही कुणाला ठाऊक नाही. मुलीने एकदा स्पष्ट विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘आपल्याला काय, जो येईल तो.’ हे उत्तर टाळाटाळीचे वाटते, पण तसे नाही. काका या देशात आले ते एच-वन-बी व्हिसावर. २००० साली फ्लोरिडात ५३७ मतांनी अध्यक्ष ठरला, त्या निवडणुकीच्या मतदानाची रात्र त्यांनी तीन सहकाऱ्यांबरोबर भाड्याच्या खोलीत, जमिनीवर बसून, मॅगी खात काढली. चौघांपैकी एकालाही मत नव्हते. २००४ साली नव्हते. २००८ साली ओबामा निवडून आले तेव्हा नव्हते, २०१२ साली नव्हते. मताला नागरिकत्व लागते आणि त्याआधी ग्रीनकार्ड; कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाकाठी नोकरीवरच्या ग्रीनकार्डांपैकी साधारण सात टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत आणि भारतीयांची रांग सर्वांत लांब आहे. कर भरायचा, मुलांना शाळेत सोडायचे, शेजाऱ्याच्या अंगणातली प्रचाराची पाटी वाचायची आणि मंगळवारी नेहमीसारखे कामाला जायचे, अशा चार निवडणुका गेल्या. निवडणुकीत भाग घ्यायचा एकच मार्ग मोकळा होता: कोण येणार ते सांगणे. त्याला कागदपत्रे लागत नाहीत. विगोची ओळख याच वर्षांत झाली.

नागरिकत्वाची शपथ घेतल्यावर काकांनी २०१६ साली पहिले मत दिले. शाळेच्या व्यायामशाळेतल्या मतदान केंद्रावर ते इस्त्रीचा सदरा घालून गेले आणि छातीवरचा ‘मी मतदान केले’चा कागदी बिल्ला त्यांनी दोन दिवस काढला नाही. तिसऱ्या दिवशी तो सदऱ्यासकट धुण्यात गेला. मग त्यांच्या लक्षात आले की मत मिळाले, पण न्यू जर्सीत मिळाले. मिशिगनमधल्या साडूच्या दारात प्रचारक येतात, त्याला रोज फोन येतात, त्याच्या राज्यातून बेळगावकडचे श्री ठाणेदार २०२२ साली काँग्रेसवर निवडूनही गेले. काकांच्या दारात येतात ते गटारे साफ करणारे. २०२४ साली दोन्ही उमेदवारांनी आपली ताकद ओतली ती सात राज्यांत. न्यू जर्सीत नव्हे. १९९२ पासून हे राज्य प्रत्येक वेळी डेमोक्रॅटिक पक्षाकडेच गेले आहे.

पुढची निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ रोजी, मंगळवारी आहे. काका विगोच्या आकड्यांना लागले आहेत. न्यू जर्सीची १४ प्रतिनिधी-मते कुणाला जातील, याचे भाकीत त्यांनी केलेले नाही; ते त्यांना कुणी विचारलेलेही नाही.