काठाचा भाव

समुद्रकाठच्या आलिशान घरांचा बाजार हा पाणी दिसण्याचे पैसे घेणारा व्यवसाय आहे. महाराष्ट्रात त्याची राजधानी अलिबाग. मांडवा, आवास, सासवणे, किहीम, थळ या पट्ट्यात नारळ-पोफळीच्या वाड्या आणि भातशेती असे. तालुक्यात भात निघाल्यावर पांढरा कांदा लावतात. अलिबागच्या या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कांदा कोठला, हे त्यामुळे कायद्याने ठरले. तो लावायचा कोठे, हे व्हिलांमधून उरलेल्या जागेवर ठरते.

‘अलिबाग से आया है क्या’ हा सवाल मुंबईत बावळटाला विचारत. त्यावर बंदी घालावी अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये फेटाळली. न्यायालयाने न केलेले काम जमिनीच्या भावाने केले. आता तोच प्रश्न अदबीने विचारला जातो आणि ‘हो’ म्हणणाऱ्याला बसायला खुर्ची मिळते.

या बाजाराचा मूळ नियम सोपा आहे: पाणी जितके निरुपयोगी, तितका काठ महाग. समुद्राचे पाणी पिता येत नाही, त्यावर भात होत नाही, गुरे त्याला तोंड लावत नाहीत. ते नुसते बघता येते, आणि बघण्याला दर लावता येतो. व्हिलाच्या अंगणात पोहण्याचा तलाव असतो. त्याची एक कड अशी बांधतात, की त्यातले पाणी थेट समुद्राला मिळाल्यासारखे दिसावे. समुद्रात उतरायचे नसते; त्याच्याकडे तोंड करून गोड्या पाण्यात उभे राहायचे असते. ते गोडे पाणी टँकरने आले तरी चालते, फक्त टँकर फोटोत येता कामा नये. सुकत घातलेल्या मासळीलाही हीच अट आहे.

दुसरा नियम अंतराचा. घर शहरापासून लांब आहे याचे पैसे घेतात आणि तेथे लवकर पोचता येते याचेही घेतात. भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट 2020 मध्ये सुरू झाली. गाडीत बसलेला माणूस गाडीसकट खाडीपार होऊ लागला. 21.8 किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये खुला झाला. तेव्हापासून शांततेच्या शोधात निघालेल्यांची रांग पुलाच्या अलीकडे न लागता पलीकडे लागते. मालक शनिवारी येतो, रविवारी जातो. उरलेले दिवस समुद्र माळी बघतो. त्याबद्दल त्याच्याकडून पैसे घेत नाहीत, उलट थोडे देतात. समुद्रदर्शनाचा एवढा स्वस्त सौदा बाजारात दुसरा नाही.

कायद्याचा भाग किचकट आहे. 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. म्हणून घेणाऱ्याला एकतर बिनशेती तुकडा शोधावा लागतो, नाहीतर कोठल्यातरी गावच्या सातबाऱ्यावर आपले नाव दाखवावे लागते. शेतकरी म्हणवून घेण्यासाठी एवढी धडपड देशात इतरत्र आढळत नाही. 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र ठरवला. बाजाराने त्याचा अर्थ ‘समुद्रासमोर आड येणारे कोणी नाही’ असा लावला. हिरे व्यापारी नीरव मोदी याचा किहीमचा नियमबाह्य बंगला प्रशासनाने 8 मार्च 2019 रोजी सुरुंग लावून पाडला. मालक तोवर परदेशी गेला होता. नियमाचा आवाज इतका मोठा क्वचितच निघतो.

किहीमच्या बांधकाम व्यवसायाचा शास्त्रीय अभ्यास 1930 मध्येच झाला होता. तो पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी केला आणि त्याचा विषय होता सुगरण पक्षी. नर अर्धवट खोपा विणतो आणि माद्यांना बोलावतो. मादी आत-बाहेर फिरून पाहणी करते. पसंत पडला तरच नर काम पुरे करतो, आणि ती राहायला येताच दुसऱ्या मादीसाठी दुसरा खोपा सुरू करतो. पुढे सगळ्या किनाऱ्याने हीच पद्धत उचलली.

मूळ नियम खरा की खोटा, हे समुद्र नसलेल्या गावी तपासता येते. भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातले सानगडी अलिबागेपासून रस्त्याने नऊशेच्या वर किलोमीटर आहे. लाटा वगळता जाहिरातीतले बाकी सर्व येथे मिळते: किल्ला, हिरव्यागार बांध्या, शांतता, रोजचा सूर्यास्त. पाण्याचीही वाण नाही. भंडारा हा तलावांचा जिल्हा, आणि त्यातले अनेक तलाव कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी बांधले. आवासला एक क्रिकेटपटू कोहली राहायला आले तर आसपासचा भाव चढतो. इकडे अख्ख्या कोहळी समाजाने पाणी अडवून दिले तरी काठ होता त्याच भावात राहिला.

कारण उघड आहे. येथले पाणी कामाचे आहे. पाऊस ओढ देतो तेव्हा पाणकर तलावाचे तुडूम, म्हणजे पाणी सोडायचे तोंड, उघडतो, पाणी पाटाने एका बांधीतून दुसरीत उतरते आणि रोवणी तगते. त्याच तलावात ढिवर मासे धरतात, शिंगाडा लावतात, म्हशी डुंबतात, कपडे धुतले जातात. वर निस्तारपत्रकात गावाचे हक्क लिहिलेले. इतक्यांना लागणारे पाणी एकट्याने बघणे शक्य नसते. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून जो नुसता बघत राहील त्याला दर सांगत नाहीत, ‘काही कामधंदा नाही का बे?’ असे विचारतात. शेतजमिनीचा विदर्भापुरता वेगळा कायदा 1958 चा आहे, पण येथे त्याच्यावर ताण कमी. शेतकरी होण्यासाठी कोणी खटपट करत नाही, आहेत त्यांची खटपट पोराला नोकरी लागावी म्हणून चालते.

तेव्हा सानगडीच्या काठाला भाव हवा असेल तर पाणी निरुपयोगी करावे लागेल. जिल्ह्यात ते काम विनागाजावाजा सुरू आहे. 1951 मध्ये मालगुजारी ही जमीनदारी पद्धत गेली, तलाव सरकारजमा होऊन ‘माजी मालगुजारी’ झाले, आणि पाळ कोणी सांधायची हा प्रश्न कागदावर फिरू लागला. अनेक तलावांत गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली, कडेने अतिक्रमण सरकत आले. अडचण एवढीच, की गाळाने भरलेला तलाव उन्हाळ्यात कोरडा पडतो. त्यावर धान होत नाही आणि त्यात सूर्यास्तही दिसत नाही. अशा मालाला गिऱ्हाईक नसल्याने बाजाराने त्याला अजून नाव दिलेले नाही. सरकारी दप्तरात त्याची नोंद ‘तलाव’ अशीच आहे.