प्रकल्प जमा, इतिहास वजा

बारावीच्या इतिहासात 20 गुण प्रकल्प आणि तोंडी परीक्षेचे. हेतू उदात्त: मुलांनी पुस्तकाबाहेर पडावे, साधने तपासावीत, स्वतःचे मत मांडावे. आमच्या वर्गाने पहिली अट तंतोतंत पाळली. पुस्तकाबाहेर पडून सगळे थेट झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथे रायगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग तयारच असतात; फक्त नाव आणि हजेरी क्रमांक बदलायचा. प्रस्तावना, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निष्कर्ष, सगळे शिस्तीत. एका पठ्ठ्याने ‘क्षेत्रभेटी’त सिंधुदुर्गावर पायी पोचल्याचे नोंदवले. मालवणच्या समुद्राने त्या दिवशी रजा टाकली असावी. सरांनी त्या पानावर लाल शेरा मारलाही: ‘समास सोडावा.’ ऋणनिर्देशात प्राचार्यांपासून आईवडिलांपर्यंत सगळे हजर. ज्याने खरोखर मजकूर पुरवला, तो दुकानदार तेवढा गैरहजर.

2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांची पाहणी करणारे निदान गड चढले होते. आमची पाहणी मुखपृष्ठावरच आटोपते. गुण बाइंडिंगला मिळणार असतील, तर किल्ला बघायला जाणे हा निव्वळ अव्यवहारीपणा आहे.