परतीचा दोर

मराठी माणूस सहलीला निघण्याआधी परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारतो. दरीतून दोरानं उतरत जाण्याचा कॅनियनिंग हा प्रकार नेमका याच प्रश्नाच्या मुळावर येतो.

आमच्या कंपूनं सांदण दरी उतरायचं ठरवलं. भंडारदऱ्याच्या मागं साम्रद गाव आहे. तिथं सह्याद्रीच्या कातळाला उभी चीर पडली आहे. समोर रतनगड, पलीकडं अलंग-मदन-कुलंग. पावसाळ्यात या चिरेत पाण्याचं राज्य असतं, माणसानं तिकडं फिरकायचं नाही. हिवाळ्यात ते ओसरलं की कंबरभर गारेगार डोह ओलांडायचे, मग दोरावरून टप्पे उतरत थेट कोकणात.

बैठकीत जाणकार मित्रानं हार्नेस, हेल्मेट, कॅराबिनर समजावले. मग दोर आला.

"पन्नास फुटांच्या टप्प्याला शंभर फुटांहून जास्त दोर लागतो," तो म्हणाला.

"दुप्पट?" कंपूचा खजिनदार दचकला. दोराचं भाडं फुटावर नसतं, हे त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"दोर वर कडीत ओवून दुहेरी सोडायचा. शेवटचा माणूस उतरला की खालून एक टोक ओढायचं. सगळा दोर आपल्या हातात."

"आणि परत वर जायचं झालं तर?"

"नाही जाता येत."

खोलीत शांतता पसरली. सिंहगडावर सूर्याजीनं दोर कापले, ही गोष्ट आम्ही चौथीपासून अभिमानानं सांगत आलो. पण त्यानं मावळ्यांची आधी बैठक घेतली नव्हती, यातलं मर्म त्या रात्री कळलं. एकाचा गुडघा अचानक बोलू लागला. दुसऱ्याला मेहुण्याचा साखरपुडा आठवला, मेहुण्याला मुलगी अजून पाहायची होती. तिसरा म्हणाला, "मी वरून फोटो काढतो." दीडदोनशे फूट खोल, जेमतेम ऊन पोचणाऱ्या घळीत तो वरून कुणाचे फोटो काढणार होता, देव जाणे. उरलेले "बघू, कळवतो" म्हणाले. मराठीत याहून भक्कम परतीचा दोर नाही.

शेवटी साम्रदच्या वाटाड्याला फोन लावला.

"कितीजण येताय, दादा?"

"आठ ते पंधरा."

तो हसला. शहरातले आकडे त्याला नवे नसावेत. "भाकऱ्या पंधरा जणांच्या टाकतो. आभाळ आलं तर मात्र कुणालाच आत सोडणार नाही. लांब डोंगरावर पाऊस पडला तरी दरीत लोंढा येतो, आतून आभाळही धड दिसत नाही. आणि उतरणारे किती, ते दरीच्या तोंडाशी मोजू. तिथं आकडा निम्मा होतो."

खजिनदाराचा चेहरा उजळला.

"मग दोरही निम्माच पुरेल ना?"