वरचा आकडा

खरेदीला गेल्यावर काही माणसं वस्तू बघतात, काही किंमत बघतात. अण्णा आकडा बघतात आणि त्यातला वरचा घेतात. घरात माणसं दोन, कुकर दहा लिटरचा. स्वतःचा रक्तदाब सांगतानासुद्धा त्यांच्या आवाजात अभिमान असतो.

निवृत्तीनंतर त्यांनी डेट्रॉइटच्या उपनगरात १९७० ची शेव्हरले नोव्हा घेतली. ३५० घनइंची व्ही-८ इंजिन, तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. कॅमशाफ्ट बदलून झाला. तो सौम्य निघाला, कारण निवड वहिनींसमोर झाली. मग टॉर्क कन्व्हर्टरची पाळी आली.

"अरे, स्टॉल किती घेऊ?" विचारलं आणि उत्तरही देऊन टाकलं. "साडेतीन हजार घेतो."

मी म्हटलं, "अण्णा, कन्व्हर्टर म्हणजे तेलात समोरासमोर बसवलेले दोन पंखे. एक इंजिन फिरवतं, त्याने भिरकावलेल्या तेलावर दुसरा फिरतो आणि गाडी ओढतो. ब्रेक दाबून गाडी धरून ठेवायची, गिअरमध्ये टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा; इंजिन ज्या आरपीएमला जाऊन अडेल तो स्टॉल. कॅम जिथून जोर धरतो त्याच्या जरासा वर तो हवा. तुमचा कॅम दोन हजारालाच जागा होतो. मागचा ॲक्सल ३.०८ चा, म्हणजे ताशी ६५ मैलांना इंजिन अडीच हजारांवर. साडेतीन हजारांचा कन्व्हर्टर तिथेही घसरत राहणार. गिरणीचा पट्टा सैल झाला की मोटर घुमते आणि दगड रेंगाळतो, तसं."

"पण ड्रॅग स्ट्रिपवर गेलो तर?"

"कधी जाणार आहात?"

"जायचं नाहीये रे. पण गेलो तर?"

यावर उत्तर नाही. पेटी आली. स्टॉल जितका वरचा, तितका कन्व्हर्टर सहसा लहान. मूळचा बारा इंची होता, हा दहा इंचीच. लहान वस्तूला जास्त पैसे मोजण्याची अण्णांची ही पहिलीच वेळ.

ऑगस्टचा तिसरा शनिवार आला. १९९५ पासून या दिवशी 'वुडवर्ड ड्रीम क्रूझ'ला वुडवर्ड ॲव्हेन्यूवर हजारो जुन्या गाड्या निघतात आणि मुंगीच्या पावलांनी सरकतात. अण्णांनी पाय दाबला की इंजिन डरकाळी फोडायचं आणि गाडी वीतभर पुढे जायची. पुन्हा डरकाळी, पुन्हा वीतभर. रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसलेले लोक टाळ्या वाजवत होते, अण्णा हात हलवत होते.

"अहो, पुढचा एवढा आरडाओरडा न करता तेवढाच चाललाय," वहिनी म्हणाल्या.

घरी येऊन गिअरबॉक्सची डिपस्टिक काढली. लालभडक असायचं ते तेल घसरणीने तापून चहाच्या रंगाचं झालं होतं आणि वास करपलेल्या फोडणीचा.

"तेलाचा कूलर लावू," अण्णा म्हणाले. "सगळ्यात मोठा."

वहिनींनी नुसतं बघितलं. पुढच्या महिन्यात कन्व्हर्टर बदलला. आता गाडी पाय ठेवताच निघते, तेलही लाल राहतं. परवा कोणीतरी स्टॉल विचारला.

"अठ्ठावीसशे."

मी कोपऱ्यात घेऊन म्हटलं, "अण्णा, पेटीवर तर २४०० ते २८०० लिहिलंय. इंजिन जितकं दमदार तितका तोच कन्व्हर्टर वर जातो. तुमच्या इंजिनाला चोवीसशेच मिळणार."

"माहितीये," अण्णा हळूच म्हणाले. "पण छापलेत ना दोन्ही?"