मूषकगृह, तळमजला (सुधारित आराखडा क्र. ४)

प्रस्तावना

गिनीपिग हा प्राणी गिनी देशातला नाही आणि डुक्कर तर नाहीच नाही. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथले लोक त्याला हजारो वर्षं पाळत आले आहेत, मुख्यतः खाण्यासाठी. ही शेवटची माहिती मुलांसमोर देऊ नये. आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दिली आणि लेक दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

घरात जागा नाही, खिशात पैसा नाही आणि लेकीला ‘नाही’ म्हणायची धमक नाही, अशा गृहस्थांसाठी गिनीपिगचा पिंजरा घरीच बांधायची ही मार्गदर्शिका आहे. घरात सेवानिवृत्त वडील असल्यास ती दोनदा वाचावी. वडील नसतील तर काम निम्म्या वेळात होईल, पण कोपरे काटकोनात येणार नाहीत.

आमच्याकडे मोची आणि कुकी आल्या त्या ‘फक्त मे महिन्यापुरत्या’. लेकीच्या मैत्रिणीच्या वडिलांची बदली झाली होती. त्या मे महिन्याला आता तीन वर्षं होतील. अण्णांनी टोपलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, “उंदीर येऊ नये म्हणून लोक पिंजरा लावतात. तुम्ही उंदीर आणून आता पिंजरा शोधताय.” एवढं बोलून ते आत गेले आणि मोजपट्टी घेऊन बाहेर आले. अण्णा सरकारी खात्यात आरेखक होते, म्हणजे ड्राफ्ट्समन. मोजपट्टी हाती आली की माणसाचा विरोध किती काळ टिकतो, हे त्यांच्या घरच्यांना ठाऊक असतं.

नियम १ : दुकानातला पिंजरा घेऊ नये

घर घेताना बिल्टअप, सुपर बिल्टअप असल्या शब्दांनी आपण पुरेसे पोळलो आहोत. महारेरा आलं, २०१७ पासून बिल्डरला कार्पेट एरिया सांगणं भाग पडलं. प्राण्यांच्या दुकानांना हा कायदा लागू नाही. आम्हाला दाखवलेल्या ‘डिलक्स’ पिंजऱ्यात घसरगुंडी होती, चाक होतं, वर गच्चीसारखं काहीतरी होतं, आणि दर साडेतीन हजार. अण्णांनी भर दुकानात टेप सोडली. दोन फूट बाय सव्वा फूट. कार्पेट, अडीच चौरस फूट.

“काका, एवढासा तर प्राणी आहे,” दुकानदार म्हणाला.

“एवढासा आहे, पण पाय चार आहेत,” अण्णा म्हणाले.

इथे अण्णा बरोबर होते, हे नाइलाजाने नोंदवतो. एका गिनीपिगला कमीत कमी साडेसात चौरस फूट आणि दोघींना साडेदहा, असं जाणकार सांगतात. किलोभर वजनाचा हा प्राणी दिवसाचा बराच वेळ जागा असतो आणि खूश झाला की जागच्या जागी उड्या मारतो, तव्यावरच्या लाहीसारख्या. अडीच चौरस फुटांत लाही फुटत नाही.

नियम २ : एफएसआय मिळणार नाही

जागा कमी पडली की मुंबईचा माणूस वर बघतो. मीही दुमजली रचनेचा प्रस्ताव मांडला. अण्णांनी तो फेटाळला. कारण शास्त्रशुद्ध होतं: गिनीपिगला खारीसारखं चढता येत नाही आणि उंचावरून पडला तर हाड मोडतं. फार तर बेताच्या चढाची एक उतरण द्यावी, पण ती जागा जमिनीच्या हिशेबात धरू नये. त्याला लागते ती सपाट, सलग जमीन.

“पोटमाळ्याला घर म्हणत नाहीत,” अण्णा म्हणाले. “मी झोपलोय चौदा वर्षं पोटमाळ्यावर.” हा भाग नायगावच्या बीडीडी चाळीतला. शंभर वर्षांपूर्वी ब्रिटिश सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळी, तळमजला अधिक तीन, आणि प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. अण्णा तिचा उल्लेख एरवी करत नाहीत. पिंजऱ्याच्या निमित्ताने तीन वर्षांत केला तेवढा मी जन्मात ऐकला नव्हता.

नियम ३ : साहित्य व अंदाजपत्रक

(अ) जाळीचे चौकोन, चौदा इंच बाय चौदा इंच. कपडे ठेवायचं जोडणीचं जाळीदार रॅक मिळतं ना, त्याचे. आमच्याकडे ते आधीपासून डगमगत उभं होतं, त्यातून बारा निघाले. चार तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी फुकट दिले. त्यांचंही डगमगत होतं. जाळीची भोकं दीड इंचापेक्षा मोठी नसावीत.

(आ) सनपॅक शीट, आठ फूट बाय चार फूट. नळ्यानळ्यांची पोकळ प्लास्टिकची शीट, बॅनर-पाट्यावाल्यांकडे मिळते. छपाई चुकलेली मागितली तर स्वस्त पडते. आम्हाला अडीचशेला मिळाली. तिच्यावर एका भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या, आणि ‘हार्दिक’मधला रफार गळला होता.

(इ) केबल टायचं पाकीट, साठ रुपये. चिकटपट्टी, चाळीस.

(ई) फ्लीसच्या दोन चादरी, सहाशे.

एकूण साडेनऊशे रुपये.

आता मूळ वादाकडे. माझा आराखडा दोन बाय चार चौकोनांचा होता. बारा चौकोन, दोघींना पुरेशी जागा, भागलं. अण्णांनी आलेख कागदावर २एच पेन्सिलने आकृती काढली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“शीट किती फुटी?”

“आठ.”

“कडेच्या भिंती सहा-सहा इंच दुमडल्या तर लांबी किती उरते?”

“सात फूट.”

“सात फूट म्हणजे चौदा इंचाचे किती?”

“सहा.”

“मग तू चारवर का थांबतोस? उरलेल्या शीटचं काय करणार, पत्रावळी?”

अशा रीतीने पिंजरा दोन बाय सहा झाला. चौकोन सोळा. आतली लांबी सात फूट, रुंदी दोन फूट चार इंच. गुणाकार सोळाच्या थोडा वर जातो, पण जाळीच्या जाडीत जाईल ते सोडून अण्णांनी चोख सोळा धरले. मी म्हटलं, दोघींना इतकं लागत नाही. “लागत नाही मला कळतं,” ते म्हणाले. “शीट वाया जाते.” आयुष्यात मी इतका उधळा काटकसरी माणूस पाहिलेला नाही.

नियम ४ : चीर अर्धवटच द्यावी

या नियमासाठी आम्ही एक शीट खर्ची घातली आहे, तरी वाचकांनी कदर करावी. शीटची चार फुटी बाजू आधी तीन फूट चार इंचांवर कापून घ्यावी आणि मग चारही कडांपासून सहा इंचांवर रेघ मारावी. कटरने वरचा एकच थर कापावा, आरपार नाही. चीर बाहेरच्या अंगाला ठेवून भिंत उभी दुमडावी, म्हणजे घडी आपोआप बसते. चारही कोपऱ्यांना सहा इंचांची एक खाच आरपार कापावी, तयार झालेला कान शेजारच्या भिंतीमागे वळवावा आणि चिकटपट्टी लावावी. हा ट्रे जाळीच्या चौकटीत बसला की ओल बाहेर जात नाही आणि लेंड्या हॉलभर होत नाहीत.

पहिल्या शीटला अण्णांनी स्वतः आरपार चीर दिली. एका सरळ रेषेत, अत्यंत सुबक. शीटचे दोन तुकडे हातात घेऊन ते म्हणाले, “कटर नवीन आहे.” वर दिलेल्या अंदाजपत्रकात ही शीट धरलेली नाही, कारण अण्णांनी धरू दिली नाही.

दुसऱ्या शीटची छापील बाजू बाहेर आली. त्यामुळे भावी नगरसेवक सहा इंचांच्या पट्टीत, नाकापासून कपाळापर्यंत, आमच्या हॉलकडे रोखून पाहत असतात. पाहुणे विचारतात. आम्ही पक्ष सांगत नाही.

नियम ५ : स्थळ

बाल्कनीत ठेवू नये. ऊन, पावसाचे शिंतोडे, मांजर, कावळे. स्वयंपाकघरात ठेवू नये, फोडणीचा ठसका त्यांना सोसत नाही. टीव्हीशेजारी ठेवू नये. अण्णा बातम्या ज्या आवाजात लावतात तो माणसांनाही सोसत नाही. उरते हॉलमधल्या सोफ्याची जागा. आमचा सोफा कम बेड विकला गेला, त्यात बेडवर ‘कम’ झोपणारा मी होतो.

उकाड्याचं गांभीर्याने घ्यावं. अठरा ते चोवीस अंश त्यांना मानवतात. सत्तावीसच्या वर धोका सुरू होतो, आणि आमच्या डोंबिवलीचा मे तिथून पुढेच सुरू होतो. त्यांना घाम येत नाही. पंखा अंगावर सरळ सोडू नये. बाटलीत पाणी गोठवून जुन्या नॅपकिनात गुंडाळून ठेवावी. फरशीचा उरलेला एखादा तुकडा आत टाकावा. मोची दुपारभर त्यावर पोट टेकून पसरलेली असते. तिच्याकडे बघून मीही एकदा हॉलच्या फरशीवर तसाच पडलो. योग्य पद्धत आहे.

नियम ६ : अंथरूण

जाळीची जमीन नको, तळपायांना जखमा होतात. सुताराकडचा भुसा नको, त्यात प्लायवूड आणि देवदार असं सगळं मिसळलेलं असतं आणि त्या वासाने त्यांची फुप्फुसं बिघडतात. तळाला पाणी शोषणारं जुनं कापड आणि वर फ्लीस. फ्लीस दोन-तीनदा धुऊन घ्यावं, म्हणजे ओल खाली सोडून स्वतः कोरडं राहतं. धुताना सॉफ्टनर घालू नये, नाहीतर पाणी वरच थांबतं. ट्रेवर लघवीचे पांढरे डाग धरले तर फिनेल नको, पांढरं व्हिनेगर.

शोषणारं कापड म्हणून बायकोने माझ्या आईची जुनी गोधडी काढली. अण्णा काही बोलले नाहीत. ती उचलून घडी घालून कपाटात ठेवली आणि आपले दोन टॉवेल आणून दिले. नवे होते. हा नियम इथेच संपतो.

नियम ७ : खानावळ व शौचकूप शेजारी असावेत

चाळीच्या टोकाला सामाईक संडास वापरून मोठे झालेल्या माणसाला हा नियम पटवायला आठवडा लागला. पण या प्राण्याची रीतच तशी, खाता खाता दुसरीकडून सुरू. दिवसाला शंभरावर लेंड्या. म्हणून गवताची जाळी ज्या कोपऱ्यात, त्याच कोपऱ्यात कागद अंथरलेलं पसरट घमेलं. निम्मं काम तिथेच आटोपतं. कागद म्हणजे वर्तमानपत्र. अण्णांचा अग्रलेख वाचून होईपर्यंत घमेलं रिकामं राहतं.

गवत चोवीस तास हवं, कारण दात जन्मभर वाढतात आणि गवताशिवाय झिजत नाहीत. डेअरीवाल्याकडची लसूणघास रोज देऊ नये, तिच्यात चुना जास्त. फुलवालीकडच्या दूर्वा चालतात, स्वच्छ धुऊन. आमच्या फुलवालीला वाटतं, अण्णा या वयात फार धार्मिक झाले. एकवीस दूर्वांच्या जुड्या ते घेऊन येतात आणि गणपतीला वगळून थेट वाहनाला अर्पण करतात.

माणसासारखंच यांच्याही शरीरात ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाही. १९०७ साली नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिख या दोघांना गिनीपिगमध्येच स्कर्व्ही दिसला, आणि त्या रोगाचा अभ्यास पुढे सरकला. तेव्हा रोज ढोबळी मिरचीची एक फोड आणि कोथिंबीर. फ्रिजचं दार उघडलं की दोघी शिट्ट्या घालतात. दूध काढायला उघडलं तरी.

नियम ८ : दारं दोन

लपायला प्रत्येकीला वेगळं बुटाचं खोकं द्यावं आणि प्रत्येक खोक्याला दोन दारं कापावीत. एकच दार असेल तर एकीला दुसरी कोंडते आणि मारामाऱ्या होतात. अण्णांना हे समजावून द्यावं लागलं नाही. “एक दार आणि दहा माणसं,” ते खोकं कापता कापता म्हणाले, “सकाळी सहा वाजता बाहेर पडायचं म्हणजे...” आणि कटरची पट्टी पुढे सरकवली.

नियम ९ : चाक

देऊ नये. पाठीचा कणा दुखावतो.

नियम १० : एकटं ठेवू नये

दोन माद्या ठेवाव्यात, आणि त्या माद्याच आहेत हे डॉक्टरकडून पाहून घ्यावं. दुकानदाराची खात्री दोन महिन्यांनी पिल्लांच्या रूपात हलू लागते.

स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून एकटा गिनीपिग पाळायला कायद्यानेच मनाई आहे. कळपात राहणारा प्राणी, एकटा पडला की खंगतो, म्हणून. हे मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं.

“फक्त यांनाच लागू आहे का?” अण्णांनी विचारलं आणि ताकाचा पेला उचलला.

त्या रात्रीपासून मी हॉलमध्ये, पिंजऱ्याशेजारी, गादी टाकून झोपतो. अण्णांची कॉट पलीकडे आहे. त्यांच्या घोरण्याचा आणि गवत चावण्याचा ताल साधारण एकच आहे.

समारोप

ही मार्गदर्शिका लिहिताना मापं तपासायला मी अण्णांच्या फाईलमधून मूळ आराखडा काढला. ‘मूषकगृह, तळमजला’, प्रमाण १ इंच = १ फूट, उत्तरेचा बाणसुद्धा. क्रमांक १ ते ३ आराखडे त्याच्याखाली होते. तिन्ही दोन बाय चारचे, म्हणजे माझ्याच मापाचे, शीट आणण्याच्याही आधी काढलेले.

चौथ्याच्या समासात, जिथे ते नेहमी कच्चा हिशेब करतात तिथे, २एच पेन्सिलीत बारीक आकडे होते. १६० ÷ १० = १६. खाली दुहेरी रेघ. त्याखाली सही, आणि ‘मंजूर’.